लष्करी शिस्त : कठोर व शिथिल परंपरा

लष्करी शिस्त म्हणजे धोका, थकवा व भीती यांच्या छायेतही सैनिकाने आज्ञेनुसार व नियमानुसार वागावे, यासाठी सैन्यात रुजवलेली सवय. तसेच ती सवय टिकवण्यासाठी उभारलेली कवायत, हुद्दे, शिष्टाचार आणि शिक्षा यांची व्यवस्था. ही सवय भयाच्या बळावर रुजवावी की परस्परविश्वासाच्या, सैनिकाचा पोशाख, सलामी व बोलणेचालणे यांवर बारीक नियंत्रण ठेवावे की केवळ कामगिरीपुरत्या आज्ञापालनाची अपेक्षा करावी, याविषयी आधुनिक सैन्यांत दीर्घकाळ मतभेद आहेत. पहिल्या मताला कठोर शिस्तीची व दुसऱ्याला शिथिल शिस्तीची परंपरा म्हणता येईल. प्रत्यक्ष इतिहासात मात्र ही विभागणी वरवर दिसते तितकी स्वच्छ नाही. सर्वाधिक मृत्युदंड देणारी सैन्ये सर्वांत शिस्तबद्ध ठरली असे आढळत नाही, आणि शिथिल म्हणून ओळखली गेलेली अनेक पथके काही बाबतींत अतिशय कडक होती.

शिस्तीची अंगे

या विषयावरील पुष्कळसा गोंधळ ‘शिस्त’ हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरल्याने होतो. पहिली छावणीतील बाह्य शिस्त : चकाकणारे बूट, सलामी, नीट घडी घातलेला बिछाना, वरिष्ठांपुढे उभे राहण्याची रीत. दुसरी रणांगणावरील शिस्त : गोळीबारात जागा न सोडणे, हुकमाविना गोळी न झाडणे, जखमी साथीदाराला मागे न टाकणे. तिसरी, जिचा उल्लेख बहुधा सर्वांत कमी होतो ती, निःशस्त्र माणसांशी व युद्धकैद्यांशी वागण्याची शिस्त. एखादे सैन्य यांपैकी एका अंगात काटेकोर आणि दुसऱ्यात बेफिकीर असू शकते. कठोरतेचे समर्थक पहिल्या अंगातून दुसरे आपोआप निर्माण होते असे मानतात. शिथिलतेच्या समर्थकांना हा संबंध मान्य नसतो.

कवायत आणि छडी

आधुनिक कवायतीचा उगम सोळाव्या शतकाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये मॉरिस ऑफ नासाऊ याने केलेल्या सुधारणांत शोधला जातो. त्या काळची तोड्याची बंदूक भरणे हे अनेक टप्प्यांचे काम होते. रांगेतील प्रत्येकाने ते एकाच क्रमाने व एकाच वेगाने केले तरच सतत मारा चालू ठेवणे शक्य होई. याकोब दे खेन याने १६०७ साली प्रसिद्ध केलेल्या सचित्र पुस्तकात बंदूक व भाला हाताळण्याच्या या पायऱ्या एकेका चित्राने दाखवल्या आहेत. म्हणजे कवायत ही मुळात शोभेची गोष्ट नव्हती. ती शस्त्राची गरज होती.

अठराव्या शतकातील प्रशियाने ही पद्धत टोकाला नेली. फ्रेडरिक द ग्रेट याच्या सैन्यात परदेशी भाडोत्री शिपायांचा मोठा भरणा होता आणि त्यांच्या पळून जाण्याची धास्ती कायम असे. आपल्या सेनापतींना दिलेल्या सूचनांत त्याने पलायन रोखण्याच्या उपायांना, उदाहरणार्थ रानाजवळ तळ न ठोकण्याला, मोठे महत्त्व दिले आहे. शत्रूपेक्षा आपल्या अधिकाऱ्याचे भय शिपायाला अधिक वाटले पाहिजे, हे मत त्याच्याच नावावर सांगितले जाते. अपराधी शिपायाला साथीदारांच्या दोन रांगांमधून उघड्या पाठीने चालवत दोन्हीकडून फटके मारण्याची शिक्षा तेथे रूढ होती.

१४ ऑक्टोबर १८०६ रोजी येना व आउअरश्टेट येथे नेपोलियनच्या फौजांनी याच सैन्याचा धुव्वा उडवला. फ्रेंच शिपाई आडोसा घेऊन, पांगून, स्वतःच्या अंदाजाने गोळीबार करत होते. ते फटक्यांच्या धाकाने बांधलेले नव्हते, कारण क्रांतीनंतर फ्रान्सने आपल्या सैन्यातील छडीची शिक्षा मोडीत काढली होती. पराभवानंतर शार्नहोर्स्ट व ग्नाइझनाउ यांनी प्रशियाच्या सैन्याची पुनर्रचना हाती घेतली. ग्नाइझनाउने १८०८ साली लिहिलेल्या एका लेखात ‘पाठींच्या स्वातंत्र्या’ची मागणी केली आणि त्याच वर्षी अपमानास्पद शारीरिक शिक्षा बऱ्याच अंशी रद्द झाल्या. ज्या देशातील प्रत्येक तरुणाला सैन्यात बोलावायचे, त्याला गुन्हेगारासारखे झोडपून चालणार नाही, हा त्यामागचा साधा हिशेब होता.

याच सुमारास ब्रिटनमध्ये सर जॉन मूर यांनी १८०३पासून केंट परगण्यातील शॉर्नक्लिफ येथे हलक्या पायदळाला प्रशिक्षण दिले. विखरून लढणाऱ्या शिपायाला हुकूम देणारा अधिकारी नेहमी जवळ नसतो. त्यामुळे त्याला विचार करता आला पाहिजे, असे या प्रशिक्षणाचे सूत्र होते. अधिकाऱ्याने आपल्या माणसांना ओळखावे, शिक्षेची वेळच येऊ नये अशी देखरेख ठेवावी, यावर भर दिला जाई. ‘मराठा लाईट इन्फंट्री’ या नावातील ‘लाईट इन्फंट्री’ हे पद याच प्रकारच्या पायदळाचे आहे. उरलेल्या ब्रिटिश सैन्यात मात्र चाबूक बराच काळ टिकला. तो १८८१ साली पूर्णपणे रद्द झाला. भारतात तर एक विचित्र अवस्था निर्माण झाली होती. गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी १८३५ साली हिंदी शिपायांसाठी फटक्यांची शिक्षा बंद केली, पण त्यांच्याच शेजारी उभ्या असलेल्या गोऱ्या सैनिकांना ती चालूच राहिली. १८४५ साली हिंदी शिपायांसाठीही ती पुन्हा सुरू करण्यात आली.

कारण सांगणारा हुकूम

अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात प्रशियाचाच एक माजी अधिकारी, श्टॉयबेन, १७७८ साली व्हॅली फोर्ज येथील जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या छावणीत दाखल झाला. त्याने तेथील विस्कळीत शिपायांना कवायत शिकवली. तिचा परिणाम पुढील लढायांत दिसला. युरोपातील एका स्नेह्याला त्याने कळवले होते की, तिकडे शिपायाला ‘हे कर’ म्हटले की तो करतो. येथे आधी ‘हे का करायचे’ ते सांगावे लागते, मग तो करतो. श्टॉयबेनचे उदाहरण शिथिलतेच्या बाजूने वारंवार दिले जाते, पण त्याने कवायत कमी केली नव्हती. बदलली होती ती हुकूम देण्याची रीत.

पहिले महायुद्ध

कठोर व शिथिल पद्धतींची तुलना करण्यास पहिल्या महायुद्धाइतका भरपूर पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळतो, कारण एकाच प्रकारच्या खंदकांत वेगवेगळ्या शिस्तीची सैन्ये चार वर्षे लढत होती.

ब्रिटिश लष्करी न्यायालयांनी ३,०००हून अधिक मृत्युदंड सुनावले. त्यांपैकी बहुसंख्य शिक्षा कमी करण्यात आल्या. ३४६ अमलात आल्या. पलायन, भ्याडपणा व तत्सम अपराधांसाठी गोळ्या घातलेल्या ३०६ जणांना २००६ साली ब्रिटिश संसदेने कायद्याने माफी दिली. यांतील कित्येक जण तोफांच्या भडिमाराने मनाचा तोल गेलेले रुग्ण होते, असे आज मानले जाते. इटलीचा सरसेनापती कादोर्ना याने याहून कठोर मार्ग पत्करला. तेथे लष्करी न्यायालयांच्या निकालांनुसार सुमारे ७५० सैनिकांना मारण्यात आले, शिवाय काही तुकड्यांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्यांनाही गोळ्या घातल्या गेल्या. तरीही ऑक्टोबर १९१७मध्ये कापोरेत्तो येथे इटलीची आघाडी कोसळली आणि लाखो सैनिक शत्रूच्या हाती सापडले. कादोर्नाच्या जागी आलेल्या दियाझने शिधा सुधारला, रजा वाढवल्या, निरर्थक हल्ले थांबवले. हेच सैन्य पुढच्या वर्षी पियावे नदीवर पाय रोवून उभे राहिले. अर्थात कापोरेत्तोच्या पराभवामागे जर्मनांचे नवे डावपेच व इटालियन तुकड्यांची चुकीची मांडणी ही कारणेही होती. तो केवळ कठोर शिस्तीचा पराभव म्हणणे अतिशयोक्तीचे होईल.

फ्रान्समध्ये १९१७च्या वसंतात निव्हेलच्या फसलेल्या मोहिमेनंतर निम्म्याच्या आसपास डिव्हिजनांत अवज्ञेचे प्रकार घडले. सैनिक खंदक सोडून पळाले नाहीत. आम्ही बचाव करू, पण पुन्हा तसल्या हल्ल्यात जाणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. नवा सेनापती पेतँ याने शेकडो मृत्युदंड सुनावले जाऊ दिले, पण त्यांतील थोडेच अमलात आणले. जोडीला नियमित रजा, बरे जेवण व विश्रांतीच्या जागा यांची सोय केली. शिक्षा आणि तक्रारनिवारण यांचा असा मेळ या युद्धात क्वचितच इतक्या जाणीवपूर्वक घातला गेला.

सर्वाधिक चर्चा मात्र ऑस्ट्रेलियन सैन्याची होते. हे सर्व स्वयंसेवक होते. ऑस्ट्रेलियाच्या १९०३च्या संरक्षण कायद्याने मृत्युदंडासाठी गव्हर्नर जनरलची संमती आवश्यक ठरवली होती, आणि ती या युद्धात एकदाही दिली गेली नाही. शंभराहून अधिक ऑस्ट्रेलियनांना मृत्युदंड सुनावले गेले. एकही अमलात आला नाही. ब्रिटिश सरसेनापती हेग यांनी अधिकार मिळावा म्हणून आग्रह धरला, तरी ऑस्ट्रेलियन सरकार बधले नाही. सक्तीच्या भरतीचा प्रस्ताव तेथील जनतेने १९१६ व १९१७ अशा दोन मतदानांत फेटाळला होता. गोळ्या घातल्याची बातमी घरी पोहोचली असती तर स्वेच्छेची भरतीही आटली असती. ऑस्ट्रेलियन सैनिक परक्या अधिकाऱ्यांना सलाम करण्यास टाळाटाळ करत, आपल्या अधिकाऱ्यांशी बरोबरीने बोलत. लष्करी तुरुंगातील त्यांचे प्रमाण ब्रिटिशांच्या तुलनेत कित्येक पटींनी अधिक होते. याच सैन्याने ८ ऑगस्ट १९१८ रोजी आमियाँ येथे कॅनेडियनांच्या साथीने जर्मन आघाडी फोडली. त्यांचे सेनापती जॉन मोनॅश यांनी युद्धानंतर लिहिलेल्या पुस्तकात असे प्रतिपादन केले की, शिस्त हे साध्य नसून साधन आहे आणि सामुदायिक कृतीची तयारी हाच तिचा गाभा आहे.

येथपर्यंत ही कथा शिथिलतेच्या विजयाची वाटते. पण तिची पुढची पाने वेगळी आहेत. सप्टेंबर १९१८मध्ये थकलेल्या पहिल्या बटालियनमधील शंभराहून अधिक सैनिकांनी आघाडीवर परतण्यास नकार दिला. त्याच महिन्यात मनुष्यबळ घटल्याने काही बटालियन मोडून इतरांत विलीन करण्याचा हुकूम निघाला, तेव्हा अनेक बटालियनमधील सैनिकांनी तो मानला नाही. अधिकारी निघून गेल्यावर त्यांनी आपल्यातूनच पुढारी निवडले, छावणीचे व्यवहार चोख ठेवले आणि पुढची लढाई आपल्याच बटालियनच्या नावाने लढू द्या अशी मागणी केली. मोनॅश यांनी बहुतेक बटालियन मोडणे तात्पुरते लांबणीवर टाकले. या घटनेला बंड म्हणावे की शिस्तीचाच एक आविष्कार, याचे एकमुखी उत्तर देणे कठीण आहे.

‘तू’ आणि ‘तुम्ही’ : रशिया, १९१७

फेब्रुवारी क्रांतीनंतर पेट्रोग्राड सोविएतने १४ मार्च १९१७ रोजी (जुन्या रशियन पंचांगानुसार १ मार्च) आदेश क्रमांक १ काढला. पथकांत सैनिकांच्या समित्या नेमणे, शस्त्रे समित्यांच्या ताब्यात ठेवणे, कामाच्या वेळेबाहेर सलामीचे बंधन काढणे, अधिकाऱ्यांच्या ‘महामहिम’ थाटाच्या पदव्या बंद करणे ही त्याची मुख्य कलमे. अधिकाऱ्यांनी शिपायांना एकेरीत ‘तू’ म्हणण्यासही बंदी घातली गेली. वरिष्ठाचे एकेरी संबोधन किती झोंबते हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. कामगिरीवर असताना मात्र कडक लष्करी शिस्त पाळावी, असे हाच आदेश बजावतो; त्याच्या टीकाकारांना या ओळीचा बहुधा विसर पडतो.

आदेश राजधानीतील पलटणींसाठी होता, पण तो सर्व आघाड्यांवर पसरला. उन्हाळ्यातील केरेन्स्कीची चढाई फसली आणि सैन्य विरघळू लागले. हंगामी सरकारने आघाडीवर मृत्युदंड पुन्हा लागू केला, तरी उपयोग झाला नाही. यावरून शिथिलतेने सैन्य मोडले असा निष्कर्ष काढला जातो. तो अपुरा आहे. शेतकरी शिपायाला युद्धच नको होते आणि गावाकडे जमिनीची वाटणी सुरू झाली होती. ज्या कामासाठी शिस्त मागितली जाते ते कामच पटेनासे झाले की समित्या आणि मृत्युदंड दोन्ही सारखेच निष्प्रभ ठरतात. बोल्शेविकांनीही यादवी युद्धात निवडून दिलेल्या अधिकाऱ्यांची पद्धत लवकरच सोडली, आणि क्रांतीने फेकून दिलेली खांद्यावरची पदचिन्हे १९४३ साली लाल सैन्यात परत आली.

अमेरिकेतील वाद

दुसऱ्या महायुद्धानंतर मायदेशी परतलेल्या अमेरिकी सैनिकांनी अधिकाऱ्यांच्या खास सवलतींविरुद्ध मोठी ओरड केली. जेम्स डूलिटल यांच्या अध्यक्षतेखाली १९४६ साली नेमलेल्या मंडळाने अधिकारी व सैनिक यांच्यातील अनावश्यक अंतर कमी करण्याच्या शिफारशी केल्या. त्यानंतर चारच वर्षांनी, ५ जुलै १९५० रोजी, कोरियात उतरलेली पहिली अमेरिकी तुकडी उत्तर कोरियाच्या रणगाड्यांपुढे मागे रेटली गेली. टी. आर. फेरेनबाख यांच्या १९६३ सालच्या पुस्तकामुळे या पराभवाचे खापर डूलिटल मंडळाच्या शिथिलतेवर फोडण्याची प्रथा पडली. परंतु त्या तुकडीजवळची रणगाडाविरोधी शस्त्रे जुनी व निकामी होती, आणि जपानमध्ये ताबा सांभाळणाऱ्या या पथकांना युद्धाचा सराव फारसा नव्हता. बूट अधिक चकाकते असते म्हणून त्यांच्या गोळ्यांनी रणगाड्याचे कवच भेदले नसते. फेरेनबाख यांचा मुद्दा सराव ढिला पडल्यापुरता मात्र खरा मानावा लागतो.

१९७०च्या दशकारंभी नौदलप्रमुख झुमवॉल्ट यांनी दाढी, केस व पोशाख यांवरचे अनेक जाचक नियम हटवले. १९७२ साली ‘किटी हॉक’ या विमानवाहू नौकेवर वांशिक दंगल झाली, तेव्हा संसदेच्या उपसमितीने तिचा दोष सवलतखोरीला दिला. नौदलातील कृष्णवर्णीय खलाशांच्या तक्रारी मात्र झुमवॉल्ट यांच्या फार आधीपासूनच्या होत्या.

विशेष पथके हा आणखी एक प्रकार. डेव्हिड स्टर्लिंग यांनी १९४१ साली उत्तर आफ्रिकेत उभारलेल्या ब्रिटिश एसएएस पथकात पोशाख व सलामीचे बंधन ढिले होते. तेथे खरी शिक्षा एकच होती : मूळ पलटणीत परत पाठवणी. स्वेच्छेने व कसोटीतून आलेल्या माणसाला ती पुरेशी होती. सक्तीने भरती झालेल्या शिपायाला तीच शिक्षा बक्षीस वाटली असती. म्हणून अशा पथकांची उदाहरणे सर्वसाधारण सैन्याला सरसकट लागू पडत नाहीत.

कोणाविषयी कठोर?

पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने केवळ ४८ मृत्युदंड अमलात आणले. पराभवानंतर या ‘सौम्यते’लाच दोष देणारा विचार तेथे बळावला आणि नाझी राजवटीत त्याची भरपाई भयानक रीतीने झाली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लष्करी न्यायालयांच्या निकालांवरून मारल्या गेलेल्या सैनिकांची संख्या १५,०००च्या आसपास, काहींच्या मते त्याहून बरीच अधिक आहे. दुसरीकडे, सोविएत संघावरील स्वारीपूर्वी १३ मे १९४१ रोजी काढलेल्या फर्मानाने तेथील नागरिकांवर केलेल्या गुन्ह्यांसाठी जर्मन सैनिकावर खटला भरण्याचे बंधनच काढून टाकले. इतिहासकार ओमेर बार्तोव यांच्या मते या दोन गोष्टी परस्परांशी जोडलेल्या होत्या : वरून येणाऱ्या क्रूर शिस्तीचा ताण खालच्या निःशस्त्रांवर मोकळा करण्याची मुभा सैनिकाला दिली गेली. अशा सैन्याला कठोर शिस्तीचे म्हणायचे की बेशिस्त, हे शिस्तीचे कोणते अंग पाहतो यावर ठरते.

युद्धानंतर पश्चिम जर्मनीने नवे सैन्य उभारताना वोल्फ फॉन बाउडिसिन यांच्या विचारांनुसार ‘गणवेशातील नागरिक’ ही कल्पना स्वीकारली. सैनिकाला थेट दाद मागता यावी म्हणून संसदेचा स्वतंत्र लष्करी आयुक्त नेमण्याची तरतूद १९५६ साली राज्यघटनेतच करण्यात आली.

मराठ्यांचे सैन्य

निःशस्त्र रयतेशी वागण्याच्या शिस्तीबाबत मराठी कागदपत्रांत एक महत्त्वाचे पत्र आहे. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळ पावसाळी छावणी केलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना ते पाठवले. दाणा व वैरण पावसाळाभर पुरेल अशा बेताने वापरा. आताच उधळलीत तर पुढे घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरचे धान्य, भाकरी, लाकडे, भाजीपाला उचलू लागाल. रयत गाव सोडून जाईल आणि तिला तुम्ही मोगलांपेक्षाही वाईट वाटाल, अशी कारणांची साखळीच त्यात मांडली आहे. लागेल ते बाजारातून विकत घ्यावे, असे बजावले आहे. चूल, तंबाखू वा उंदराने ओढून नेलेली दिव्याची वात यांमुळे गवताच्या गंजीला आग लागू शकते, इथवरचे बारकावे येतात. हुकमामागचे कारण हाताखालच्यांना समजावून देणारे हे पत्र श्टॉयबेनच्या सुमारे शंभर वर्षे आधीचे आहे. त्याबरोबर दंडाचा धाकही होताच. सभासद बखरीनुसार मोहिमेवर निघताना व परतताना प्रत्येकाच्या चीजवस्तूंची मोजदाद होई, लष्करात स्त्रिया व कलावंतिणी नेण्यास मनाई असे, आणि ती मोडणाऱ्यास देहान्त शिक्षा सांगितलेली होती.

अठराव्या शतकात ही घडी बरीच विस्कटली. पानिपतच्या मोहिमेत (१७६१) सैन्याबरोबर कुटुंबकबिला, यात्रेकरू व बाजारबुणगे यांचा प्रचंड लोंढा होता. महादजी शिंदे यांनी १७८४ साली द बॉइन या युरोपीय अधिकाऱ्याकरवी कवायती कंपू उभारण्यास आरंभ केला. या पलटणींच्या शिस्तीचा पाया कवायतीइतकाच वेळेवर मिळणाऱ्या पगारावरही होता.

भारतीय सैन्य

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या किनाऱ्यावरील प्रशिक्षण केंद्रात खलाशांनी संप पुकारला. निकृष्ट जेवण व अधिकाऱ्याची वांशिक शिवीगाळ ही तात्कालिक कारणे होती. काही दिवसांतच तो रॉयल इंडियन नेव्हीचा उठाव बनला. त्याला स्वातंत्र्यलढ्याचे व्यापक कारण होतेच, पण ठिणगी अपमानाची होती.

स्वतंत्र भारतात लष्करी शिस्तीचा कायदेशीर आधार १९५०चा सेना अधिनियम हा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ नुसार सैनिकांचे मूलभूत हक्क शिस्तीसाठी आवश्यक तेवढे मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला आहे. ब्रिटिश काळापासून चालत आलेल्या संक्षिप्त लष्करी न्यायालयात पथकाचा प्रमुख अधिकारी स्वतःच न्यायाधीश असतो आणि एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा देऊ शकतो. या तरतुदीचे समर्थक झटपट निकालाचे महत्त्व सांगतात. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने लष्करी न्यायाच्या निकालांवर अपिलाची सोय नसल्याबद्दल चिंता व्यक्त केली; सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २००७ साली झाला.

दरम्यान १९८७ साली एका जवानाचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले. वरिष्ठाच्या वागणुकीबद्दल त्याने थेट वरच्या अधिकाऱ्याकडे तक्रार केली, म्हणून तो कैदेत होता. तेथे जेवण घेण्याचा हुकूम न मानल्यावरून संक्षिप्त लष्करी न्यायालयाने त्याला एक वर्षाची सक्तमजुरी व बडतर्फी सुनावली होती. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार होती तोच न्यायासनावर बसला होता. शिक्षा अपराधाच्या मानाने अवाजवी आणि सुनावणी पक्षपाताने दूषित असल्याचे सांगून न्यायालयाने ती रद्द केली व जवानाला नोकरीत परत घेण्याचा आदेश दिला.